डोक्याच्या दुखापतीनंतर मुलाचं विसरणं, आणि 'मनच लावत नाही' हा शिक्का

रानजाई

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मुलगा सातवीत आहे. गेल्या वर्षी दुचाकीवर मागे बसला असताना अपघात झाला आणि डोक्याला जबर मार लागला. कोमा, व्हेंटिलेटर, ऑपरेशन, सगळ्यातून गेला. डॉक्टरांनी वाचवलं, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. आज हातपाय चालतात, बोलणं स्वच्छ आहे, टाक्यांची खूण केसांत लपली आहे. बघणाऱ्याला वाटतं, पोरगं ठणठणीत झालं.

घरात मात्र वेगळंच चित्र आहे. परवा त्याला म्हटलं, "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर." तो स्वयंपाकघरातच बसून चित्र रंगवत होता. तिसरी शिट्टी झाली, त्याने मान वर केली, कुकरकडे बघितलं आणि पुन्हा रंगवायला लागला. चौथी झाली, पाचवी झाली. मी विचारलं, "काय सांगितलं होतं रे मी?" तर लगेच उत्तर, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर." शब्द न् शब्द पाठ! मग उठला का नाहीस, तर ते त्यालाही सांगता येईना. रडवेला झाला.

गृहपाठाचंही तेच. वही पूर्ण करून दप्तरात ठेवलेली असते, बाई "वह्या जमा करा" म्हणतात, सगळी मुलं देतात आणि हा बसून राहतो. उलट अपघाताच्या आधी पाहिलेल्या मॅचमध्ये कोण कोणाच्या बॉलवर आउट झाला ते आजही सांगतो. म्हणून सासरे म्हणतात, "हवं ते बरोबर लक्षात राहतं त्याच्या." त्यात ह्यांनी क्रिकेटच्या किटचं आमिष दाखवलं, तर थोडे दिवस खरंच फरक पडला. दप्तर वेळेवर भरलं, फिटची गोळी आठवणीने मागून घेतली. झालं! आता घरादाराची खात्री पटली आहे की हा मुद्दाम करतो, मन लावत नाही, आजारपणात लाडावला.

मला हे पटत नाही, पण समजावून सांगताही येत नाही. बक्षिसाने फरक पडतो, म्हणजे तो आळशी आहे असा अर्थ होतो का?

निर्झरा

रानजाईताई, मी मुलांच्या न्यूरोसायकॉलॉजीत (मेंदूचा आठवण, लक्ष, वागणं यांच्याशी असलेला संबंध) काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या मुलाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

आधी कुकर. पुढे करायच्या कामाची आठवण, हिला प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी म्हणतात. त्यात दोन कामं असतात. काय करायचं ते डोक्यात साठवणं हे एक, आणि ऐनवेळी खूण मिळाली की हातातलं सोडून तिकडे वळणं हे दुसरं. पहिल्यात कानशिलाच्या आतल्या बाजूच्या हिप्पोकॅम्पसचा वाटा मोठा, दुसऱ्यात कपाळामागच्या फ्रंटल भागाचा. तुमच्या लेकाने पहिलं काम चोख केलं, दुसरं अडलं. तो खोटं बोलत नव्हता. सूचना त्याच्याकडे होती, पण शिट्टीने ती वर आलीच नाही. तुमच्या प्रश्नाने आली.

डोकं आदळतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत जोरात हलतो. कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत असतो, त्यामुळे फ्रंटल आणि टेम्पोरल, म्हणजे कानशिलाजवळच्या, भागांना मार लागण्याचं प्रमाण जास्त. शिवाय मेंदूचे दूरचे भाग जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये ते दिसतीलच असं नाही. म्हणून 'स्कॅन आता चांगला आहे' आणि 'सगळं पूर्ववत झालं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

जुन्या मॅच आठवतात कारण त्या अपघाताच्या आधीच पक्क्या बसलेल्या आहेत. नवीन गोष्ट ऐनवेळी वर काढणं, त्रास तिथे आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. नेमका हाच प्रश्न अमेरिकेत ह्यूस्टनच्या स्टीफन मॅकॉली, हार्वी लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला होता. २००९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांचे तीन गट घेतले: डोक्याला गंभीर दुखापत झालेली, सौम्य दुखापत झालेली, आणि डोक्याला काही न होता फक्त हाड वगैरे मोडलेली. हा तिसरा गट मुद्दाम घेतला, कारण अपघात, हॉस्पिटल, शाळा बुडणं हे त्यांनीही भोगलेलं असतं. ठरावीक खूण मिळाली की ठरलेली गोष्ट करायची, असं काम होतं. एकदा बक्षीस सेंटमध्ये, म्हणजे चिल्लर, आणि एकदा डॉलरमध्ये. प्रत्येक मुलाने दोन्ही प्रकारे केलं.

डॉलर मिळणार म्हटल्यावर तिन्ही गटांची कामगिरी सुधारली, गंभीर दुखापतवाल्यांचीही. इथपर्यंत तुमचे सासरे बरोबर आहेत. पण पुढचं वाचा. गंभीर दुखापत झालेल्या मुलांनी डॉलरसाठी जीव तोडून जे केलं, ते हाड मोडलेल्या मुलांनी चिल्लरसाठी सहज केलेल्या कामगिरीपेक्षाही लक्षणीय कमीच भरलं.

हे वाक्य घरी सगळ्यांना वाचून दाखवा. तुमचा मुलगा किटसाठी दप्तर भरत होता तेव्हा तो पूर्ण ताकद लावत होता. ती ताकद दिवसभर, रोज, प्रत्येक कामाला लावणं कोणालाच झेपत नाही, दुखावलेल्या मेंदूला तर नाहीच.

दगडफूल

निर्झराताई, प्रतिसाद सेव्ह करून ठेवलाय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझ्या वर्गात झाडावरून पडलेला एक मुलगा होता. पहिल्या दोन तासांना उत्तरं द्यायचा, हात वर करायचा. मधल्या सुट्टीनंतर जणू दुसराच मुलगा यायचा. फळ्यावरचं अर्धं वाक्य उतरवून पेन तसंच वहीवर टेकवून बसायचा. सहकारी म्हणायचे, सकाळी येतं तर दुपारी का येत नाही, नाटकं आहेत. मला तेव्हा एवढंच कळत होतं की नाटक करणारं पोर मैदानावर तरी पळतं. हा खेळाच्या तासालाही भिंतीला टेकून बसायचा.

मग मी गणित सकाळी घ्यायला लागलो. गृहपाठ तोंडी सांगणं बंद केलं, चिठ्ठीवर लिहून द्यायचो. वह्या गोळा करताना त्याच्या बाकापाशी जाऊन नावाने मागायचो. वही असायचीच! सगळ्या वर्गाला दिलेली सूचना ही त्याच्यासाठी सूचनाच नव्हती.

एक विचारायचं होतं. गंभीर आणि सौम्य हे कशावरून ठरवतात? पालक 'मार लागला' एवढंच सांगतात.

निर्झरा

दगडफूल सर, डिस्चार्ज कार्डावर जीसीएस म्हणून आकडा असतो, ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ती मोजपट्टी मांडली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. शुद्धीवर आल्यानंतर मूल किती काळ गोंधळलेलं होतं, रोजच्या घटना लक्षात राहत नव्हत्या, हेही पालकांना विचारा. तो काळ जितका लांब तितकी पुढची अडचण मोठी असण्याची शक्यता. आणि दुपारचा थकवा म्हणालात तो अगदी खरा. बऱ्याच मुलांत स्मरणशक्तीपेक्षा थकवाच शाळा जास्त बुडवतो.

पाणकावळा

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. बक्षिसांचा मार्गच मला धोक्याचा वाटतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग झाला होता. चित्र काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं कमी चित्रं काढायला लागली. आज किट, उद्या मोबाइल, परवा काय? मूल प्रत्येक कामाची किंमत मागायला लागेल. सवय लावा, शिस्त लावा, वेळ लागेल पण टिकेल.

वाटसरू_नगर

पाणकावळा, तुमचं म्हणणं एरवी मान्य केलं असतं. पण तुमच्या प्रयोगातली मुलं आपणहून चित्रं काढत होती. जिथे आपणहून काही सुरूच होत नाही तिथलं सांगतो.

माझी मुलगी पाचेक वर्षांची असताना गच्चीवरून पडली. आता अकरावीला आहे. तिच्या दहाव्या-अकराव्या वर्षीची सकाळ सांगतो. पलंगाच्या कडेला बसलेली, एक पायमोजा घातलेला, दुसरा हातात. मी आंघोळ करून आलो तरी तशीच. रुसलेली नाही, दुःखी नाही, शाळेत जायला उत्सुक. "बेटा, दुसरा पाय" एवढं म्हटलं की घालायची आणि थेट दरवाजापर्यंत जायची. गाडी उत्तम, पेट्रोल भरलेलं, फक्त स्टार्टर लागत नव्हता.

आम्ही आधी ओरडलो, मग आमिषं दाखवली, मग तालुक्यापासून पुण्यापर्यंत दाखवलं. पुण्याच्या बाईंनी पहिल्यांदा सांगितलं की इच्छा होणं आणि सुरुवात होणं या मेंदूत वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिला इच्छा होती. सुरुवात बाहेरून द्यावी लागत होती.

आणखी एक गोष्ट इथल्या लहान मुलांच्या आईबापांनी वाचावी. पडली तेव्हा सगळे म्हणाले, "लहान आहे, मेंदू कोवळा आहे, भरून येईल." चौथीपर्यंत आम्हालाही तसंच वाटलं. पाचवीत विषय वाढले, वेगवेगळे शिक्षक आले, वह्या आपल्या आपण सांभाळायच्या झाल्या, आणि सगळं कोसळलं. अपघाताला इतकी वर्षं झाल्यावर हे त्यामुळेच आहे यावर कोणी विश्वास ठेवेना.

निर्झरा

वाटसरूदादा, पायमोज्याचं वर्णन मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगेन, तुमची हरकत नसेल तर.

'लहान मेंदू आपोआप भरून येतो' ही समजूत फार खोल रुजलेली आहे. मेलबर्नच्या व्हिकी अँडरसन आणि त्यांच्या गटाने मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवलं की गंभीर दुखापत अगदी लहान वयात झाली तर परिणाम बऱ्याचदा जास्त वाईट असतात. कारण सरळ आहे. मोठ्या मुलाने शिकलेलं बरंच काही त्याच्याकडे शिल्लक राहतं. लहानग्याला सगळं अजून शिकायचंच असतं, आणि तेही दुखावलेल्या यंत्रणेने. नियोजन, स्वतःहून सुरुवात करणं, लक्ष वळवणं या क्षमता फ्रंटल भाग पक्का होत जातो तशा वाढतात. त्यांची गरज पडते तेव्हाच उणीव दिसते. पाचवीत दिसली म्हणजे पाचवीत झाली असं नाही.

पाणकावळा, तो प्रयोग खरा आहे, पण त्याचा निष्कर्ष आधीच आवडणाऱ्या गोष्टीपुरता आहे. गोळी घेणं, दप्तर भरणं, वही देणं यात बिघडवण्यासारखी कोणती गोडी आहे? तरीही तुमच्या काळजीतला एक भाग मी घेते. महिनाभराने मिळणारं मोठं बक्षीस या मुलांसाठी जवळजवळ निरुपयोगी. ज्याला दुपारची सूचना संध्याकाळी आठवत नाही, त्याला महिन्याच्या शेवटचं किट रोज सकाळी कसं आठवावं? बक्षीस लहान असावं, काम झाल्या क्षणी मिळावं आणि एकाच कामाला असावं. काम हुकलं तर काढून घेणं, 'आता किट विसर' म्हणणं, हे पूर्ण बंद. हुकण्यावर त्याचा ताबा नाही. न जमणाऱ्या गोष्टीची शिक्षा वारंवार मिळाली की मूल प्रयत्नच सोडून देतं, आणि मग बाहेरून ते खरंच आळशी दिसायला लागतं. मला सगळ्यात जास्त भीती या दुसऱ्या टप्प्याची वाटते. पहिला अपघाताने होतो, हा आपण करतो.

केंब्रिजकर

मी इंग्लंडमध्ये असतो. इथून जवळच ईली गावात १९९६ साली ऑलिव्हर झँगविल केंद्र सुरू झालं, मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनासाठी. ते सुरू करणाऱ्या बार्बरा विल्सन यांनी स्मरणाची अडचण असलेल्यांना साधा पेजर देऊन बघितला. ठरल्या वेळी पेजर वाजायचा आणि त्यावर 'आता गोळी घे' इतकाच मजकूर यायचा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४३ जण होते. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांची रोजची कामं पेजरमुळे सुधारली, आणि त्यातल्या बहुतेकांत पेजर परत केल्यावर सात आठवड्यांनीही सुधारणा टिकली होती.

आज हेच काम हातातलं साधं घड्याळ किंवा घरातला जुना मोबाइल करतो. सूचना स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करता आली तर उत्तम. नुसता गजर लावू नका. गजर वाजतो, मूल बंद करतं, आणि कशासाठी वाजला ते कळतच नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉलर आणि चिल्लरची गोष्ट रात्री जेवताना वाचून दाखवली. सासरे काही बोलले नाहीत. आज सकाळी मात्र स्वतः त्याच्या खोलीत जाऊन म्हणाले, "चल, गोळी घेऊ या दोघं मिळून." त्यांचीही बीपीची गोळी त्याच वेळेला असते.

निर्झराताई, घरी आम्ही नेमकं काय करायचं? आमच्या गावात थेरपिस्ट नाही. दर आठवड्याला शहरात येणं परवडत नाही, वेळही नाही आणि पैसाही.

निर्झरा

त्यासाठी तुम्हाला ब्राझीलचं सांगते. २००५ साली तिथल्या सारा हॉस्पिटलच्या लुसिया ब्रागा आणि सहकाऱ्यांनी पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला तज्ज्ञांनी थेट थेरपी दिली. दुसऱ्या गटात तज्ज्ञांनी आईवडिलांना शिकवलं आणि त्यांनी घरच्या रोजच्या कामांतूनच सराव करून घेतला. वर्षभराने घरच्यांकडून शिकलेल्या मुलांची प्रगती जास्त होती. त्यातले बरेच पालक फार शिकलेले नव्हते, तरी शिकवलेलं नीट करून घेत होते. म्हणजे तज्ज्ञांकडे अधूनमधून जाऊन शिकून यायचं आणि घरी चालवायचं, याला भक्कम आधार आहे.

सुरुवात एका कामाने करा. गोळीने करा, कारण फिटची गोळी चुकणं परवडणारं नाही. वेळ आणि जागा रोज तीच. आजोबांनी सोबत घ्यायचं ठरवलंय हे मी सुचवू शकले नसते इतकं चांगलं आहे. जबाबदारी मात्र काही महिने मोठ्यांचीच.

कुकरसारख्या कामात नुसतं सांगू नका. आधी त्याच्याकडून करून घ्या. तोंडाने शिट्टी वाजवा, त्याला उठवा, हात गॅसच्या बटणावर नेऊ द्या. दोनतीनदा. शिट्टी आणि हात यांची गाठ पडली पाहिजे. कृतीतून बसलेल्या सवयी बऱ्याचदा शाबूत असलेल्या वाटेने जातात. सायकल तो विसरला नाही ना, तसंच. गॅसपाशी मात्र कोणी मोठं माणूस हवंच, त्यात तडजोड नको.

आणि 'आठव बघू, आठव बघू' हे थांबवा. आपल्याला वाटतं याने मेंदूला व्यायाम होतो. या मुलांच्या बाबतीत अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच डोक्यात बसतं आणि पुढच्या वेळी तेच वर येतं. उत्तर आधी सांगा, त्याच्याकडून म्हणवून घ्या, थोड्या वेळाने पुन्हा विचारा, मग अंतर वाढवत न्या. चुकला तर लगेच बरोबर सांगा आणि अंतर कमी करा.

झोप पुरेशी झाली का हे रोज बघा. फिटच्या काही गोळ्यांनी सुस्ती येऊ शकते, तेव्हा हा मंदपणा न्यूरॉलॉजिस्टच्या कानावर घाला. स्वतःहून गोळी कमी करू नका.

पाणकावळा

शिक्षेबद्दल जे लिहिलंत ते पटलं. शिस्त हा शब्द मी वेगळ्या अर्थाने वापरत होतो, पण रोज तीच वेळ, तीच जागा यालाच मी शिस्त म्हणतो, तेव्हा फार मतभेद उरला नाही.

थोडं अवांतर, पण लिहितोच. मोटार वाहन कायद्यानुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही २०२२ च्या नियमाने हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आला, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहा आणि किती पोरांच्या डोक्यावर हेल्मेट आहे ते बघा. बापाच्या डोक्यावर असतं, मागच्या दोघांच्या नसतं.

वाटसरू_नगर

पाणकावळांना शंभर टक्के अनुमोदन.

रानजाईताई, दिव्यांग प्रमाणपत्राचंही आत्ताच बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यात डोक्याची दुखापत अशी स्वतंत्र नोंद नाही. अमेरिकेच्या शिक्षणाच्या कायद्यात ती १९९० पासून आहे. आपल्याकडे मूल ज्या प्रकारात बसेल त्यात बसवावं लागतं, आणि चालतं-बोलतं मूल कुठेच बसत नाही असं खिडकीवर ऐकावं लागतं. आम्हाला न्यूरोसायकॉलॉजीच्या तपासणीचा लेखी अहवाल कामी आला. त्यात आकड्यांनी दाखवलेलं असतं की बुद्धी ठीक, पण आठवण आणि वेग कमी. तो अहवाल नसता तर दहावीला जादा वेळ मिळाला नसता.

रानजाई

तपासणीसाठी वेळ घेते. शाळेशी कसं बोलू? मागच्या वेळी "सगळ्यांना सारखाच नियम" असं सांगून परत पाठवलं होतं.

दगडफूल

शिक्षक म्हणून सांगतो, मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, वर्गशिक्षकांकडे एक पान घेऊन जा. आजाराचा इतिहास एका ओळीत. खाली तीनच मागण्या: गृहपाठ लिहून द्यावा, वही नावाने मागावी, अवघड विषयाची चाचणी सकाळी घ्यावी. यातल्या कशालाच पैसा लागत नाही की वरची परवानगी लागत नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारण उरत नाही. अहवाल आला की त्याची प्रत जोडा, आणि प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला ते पान वेगळं द्या; एकाला दिलं की बाकीच्यांपर्यंत पोचत नाही.

मी त्या मुलासाठी केलेला नमुना अजून आहे, त्याचं नाव काढून खाजगी निरोपातून पाठवतो. पहिल्या घटक चाचणीच्या आधी भेटा. एकदा प्रगतिपुस्तकात शेरा पडला की तो पुसायला वर्ष जातं.